एकोणिसाव्या ओळीतला तीन

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा मी एका दंतवैद्याच्या पाटीवरच्या दाढेला पांढरा रंग देत होते. दाढ माझ्या डोक्याएवढी होती आणि हसत होती. दाढेनं का हसावं हे मला कधीच कळलेलं नाही, पण गिऱ्हाइकाला तशीच हवी होती.

"एक संख्या रंगवून हवी आहे," दारातून आवाज आला.

मी मान वर केली नाही. "दारावर की फाटकावर?"

"भिंतीवर."

"किती?"

"तेराशे बत्तीस."

"चारच आकडे ना? बसा दहा मिनिटं. दाढ वाळली की करून देते."

"नाही... म्हणजे... तेराशे बत्तीस ही संख्या नाही. त्या संख्येत तेराशे बत्तीस आकडे आहेत."

तेव्हा मात्र मी मान वर केली. उंच, किडकिडीत माणूस. जाड भिंगांचा चष्मा, खिशावर खडूचा डाग, आणि कागदाची एक गुंडाळी अशी छातीशी धरलेली की जणू दवाखान्यातून पहिलं मूल घरी निघालंय. माझ्या ब्रशमधून रंगाचा एक ओघळ सुटला आणि दाढेला लाळ गळायला लागली.

तो कॉलेजात गणित शिकवायचा. कॉलेजची नवी इमारत उभी राहिली होती आणि जिन्यासमोरच्या उंच भिंतीवर काय काढायचं यावरून तिथल्या शिक्षकांत महिनाभर जुंपली होती. कोणाला सुविचार हवा होता, कोणाला धबधबा. शेवटी प्राचार्यबाईंनी वैतागून चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी निघाली याची. याला भिंतीवर एक मूळ संख्या हवी होती.

"मूळ म्हणजे?" मी विचारलं.

"जिला एक आणि ती स्वतः सोडून कोणीही भाग देऊ शकत नाही. कोणताही आकडा घेऊन जा, काहीतरी बाकी उरतंच."

"आमच्या आत्यासारखी आहे म्हणायची. तिच्यापुढेही कोणाचं काही चालत नाही."

तो हसला. हसताना आधी चष्मा वर जायचा, मग ओठ हलायचे. मी ते बघत राहिले आणि दाढेची लाळ पुसायची राहून गेली.

आतल्या खोलीतून बाबांनी सगळं ऐकलं होतं. कमरेला पट्टा लागल्यापासून डॉक्टरांनी त्यांना शिडी बंद केली होती, म्हणून ते कानांनी दुकान चालवत. "एकटी कर ही भिंत," ते म्हणाले. "मी हात लावणार नाही, बघायलाही येणार नाही. एकदम शेवटच्या दिवशी येईन. एकही चूक नसली तर बाहेरच्या पाटीवर 'आणि कन्या' लिहितो. एक जरी निघाली, तर जागा आहे तशी राहील."

ही जागा म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या दुकानाच्या पाटीवर मोठ्या लाल अक्षरांत 'पेंटर' एवढंच आहे आणि त्याखाली वीतभर पट्टा कोरा. अकरा वर्षं मी त्या पट्ट्याखालून आत-बाहेर करत होते. निम्म्या गावाच्या पाट्या माझ्या हातच्या होत्या, तरी दुकानात येणारा प्रत्येक जण मला बघून पहिलं वाक्य तेच बोलायचा, "बाबा नाहीत का?" त्या वीतभर जागेसाठी मी धबधबासुद्धा रंगवला असता. संख्या तर काहीच नव्हती.

काहीच नव्हती असं तेव्हा वाटलं.

छत्तीस ओळी, प्रत्येक ओळीत सदतीस आकडे, इंग्रजी वळणाचे, काळ्या रंगात. भिंतीला परांची बांधली, मी वर बसले, तो खाली पायरीवर कागद घेऊन उभा राहिला. रोज दुपारी तीनपासून, त्याचे तास संपले की. रोज चार ओळी. बाबांचा नियम साधा होता. आकडा काढायचा आणि लगेच मोठ्यानं म्हणायचा, म्हणजे वाचणाऱ्यालाही कळतं आपण कुठे आहोत.

"सात," तो खालून म्हणायचा.

"सात," मी वरून.

"शून्य."

"शून्य."

जिन्यात आवाज घुमायचा, म्हणून एक शून्य दोनदा ऐकू यायचं. येणारी-जाणारी मुलं थांबून बघायची आणि एकमेकांना कोपरानं ढोसून निघून जायची. दोन माणसं दिवसाढवळ्या तीन-तीन तास एकमेकांना आकडे ऐकवताहेत आणि दोघांच्याही चेहऱ्यावर कंटाळा नाही, याचा अर्थ मुलांना माझ्याआधी कळला असावा.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी विचारलं, "पण एवढ्या मोठ्या संख्येला भाग जात नाही हे बघायचं कसं?"

"ते अवघड आहे. यंत्रच लागतं. पण जातो हे कधीकधी सोप्पं असतं. सगळ्या आकड्यांची बेरीज करा. बेरजेला तीननं भाग गेला, की अख्ख्या संख्येला गेला."

"कितीही मोठी असली तरी?"

"कितीही."

मला याचं वेडच लागलं. रस्त्यात दिसेल त्या गाडीच्या नंबराची मी बेरीज करायला लागले. घरी जेवताना आकडे पुटपुटायला लागले. आत्याच्या नजरेतून काय सुटणार? "कोणाचा नंबर पाठ करतेयस?" तिनं विचारलं. मी ताटात मान घातली, म्हणून तिनं मी पुटपुटलेले पहिले दहा आकडे लिहून घेतले आणि फोन लावला. तो एका कुलूपवाल्यानं उचलला. आत्यानं त्याला वय, नोकरी आणि घर स्वतःचं की भाड्याचं ते विचारलं. माणूस सज्जन होता, सगळी उत्तरं दिली. शेवटी म्हणाला, मला दोन नातवंडं आहेत.

"एकोणतीस संपत आलं हिचं," आत्या फोन ठेवून बाबांना म्हणाली, "आणि ही कुलूपवाल्याच्या नादी लागलीय."

पाचव्या दिवशी आम्ही सतराव्या ओळीपासून सुरुवात केली. मधल्या काळात मला बरंच काही कळलं होतं. त्याला उंचीची भीती वाटते. तो चहात बिस्कीट बुडवतो आणि दर वेळी त्यातच घालवून बसतो. घरी आई आहे, ती त्याच्या लग्नाचा विषय काढते तेव्हा तो वह्या तपासायला घेतो. हे सगळं त्यानं आकड्यांच्या मधेमधे सांगितलं होतं, म्हणजे "नऊ... आई म्हणते मी माणूसघाणा आहे... चार." मी "चार" म्हणायचे आणि माणूसघाणा मनात ठेवायचे.

"या मूळ संख्यांना जोडीदार असतो का हो?" मी भिंतीकडे तोंड करूनच विचारलं. काही प्रश्न भिंतीकडे तोंड करून विचारायला सोपे जातात.

"काहींना असतो. अकरा आणि तेरा. सतरा आणि एकोणीस. त्यांना जुळ्या म्हणतात. पण मधे कायम एक आकडा बसलेला असतो. त्याहून जवळ येताच येत नाही."

"कोणालाच नाही?"

"फक्त दोन आणि तीन. ते दोघं अगदी शेजारी शेजारी, मधे कोणी नाही. अख्ख्या गणितात तशी ती एकच जोडी."

"बिचाऱ्या बाकीच्या," मी म्हणाले.

"हो ना," तो म्हणाला, आणि पुढे वाचायला लागला. एकोणिसावी ओळ चालू होती. "सहा."

"सहा."

"शून्य."

"शून्य."

"दोन."

"दोन."

मग तो थांबला. इतका वेळ थांबला की मी ब्रश भिजवून वाट बघत बसले.

"...तीन," तो म्हणाला.

मी ब्रश टेकवला आणि खाली बघितलं. तो कागदात बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता, आणि चष्मा वर गेलेला होता पण ओठ हलले नव्हते. हात भिंतीवर आपलं आपण काहीतरी करत होता.

"तीन," मी म्हणाले.

त्या दिवशी आम्ही चारच्या ऐवजी पाच ओळी केल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई म्हणून तीनच.

नवव्या दिवशी, गुरुवारी, शेवटचा सात काढला. शनिवारी सकाळी दहाला उद्घाटन होतं. शुक्रवारी संध्याकाळी बाबा बघायला येणार होते. शुक्रवारी दुपारी मला तिथे जायचं तसं काही कारण नव्हतं. पण परांची सोडवायची होती, डबे न्यायचे होते... असू दे, मी गेले. तो वर्गावर होता. मी खडू घेऊन पायरीवर बसले आणि वेळ घालवायला भिंतीवरच्या आकड्यांची बेरीज करायला घेतली. एकेका ओळीची बेरीज फरशीवर लिहिली, मग छत्तीस बेरजांची बेरीज केली.

सहा हजार. अगदी गोल, वर एक नाही की खाली एक नाही. मी खूष झाले. मग सहा हजाराला तीननं भाग दिला आणि खुशी तिथल्या तिथे उतरली. परत बेरीज केली. पुन्हा एकदा केली. सहा हजार ढिम्म हलेनात.

तो दोन चहा घेऊन जिना उतरत आला.

"सहा हजार," मी म्हणाले.

"काय सहा हजार?"

"बेरीज. भिंतीची."

"अरे वा," तो म्हणाला. मग त्याच्या हातातला चहा बशीत सांडला. तो पायरीवर बसला आणि दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसतात तसा भिंतीकडे बघत राहिला. "म्हणजे ही... मूळ नाहीच."

"कुठेतरी एक आकडा चुकलाय."

"कुठेतरी."

तेराशे बत्तीस आकड्यांत एक. माझ्या डोळ्यांसमोर तो वीतभर कोरा पट्टा आला. मी हळूच म्हणाले, "कोण वाचणार आहे एवढं? कोणाला कळणारही नाही."

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. तो प्रत्येक गोष्टीचा करतो. "नाही कळणार," तो म्हणाला. "पण मला रोज याच जिन्यानं वर जायचंय."

मला रोज त्या पाटीखालून जायचं होतं. मी खडू खिशात टाकला आणि परांचीवर चढले. "मी भिंत वाचते, तुम्ही कागद बघा. पहिल्यापासून."

तीनला सुरुवात केली. या वेळी मी आधी म्हणायचे आणि तो खालून "हं" म्हणायचा. चुकीची भीती होती, हे खरं. पण दहाव्या ओळीपर्यंत माझ्या लक्षात आलं की आणखी एक भीती आहे. चूक सापडली की वाचणं संपणार होतं. नऊ दिवस जे मला खालून ऐकू येत होतं, ते सोमवारपासून ऐकू येणार नव्हतं. दंतवैद्याच्या दाढा माझ्याशी बोलत नाहीत.

एकोणिसाव्या ओळीत पोचले. "सहा. शून्य. दोन..." आणि मला ते दिसलं. माझाच आकडा मला ओळखू येणार नाही का? हाताला भान नसताना तीन पुढे वळत गेला होता आणि मिटून आठ झाला होता.

"आठ," मी म्हणाले.

खालून लगेच "हं" आलं नाही. मग आलं.

मी बाजूला खडूची एक बारीकशी रेघ मारली आणि पुढे वाचायला लागले. विसावी ओळ, तिसावी ओळ, छत्तिसावी ओळ. शेवटच्या सातापर्यंत आले तेव्हा पाच वाजून गेले होते.

"सापडली?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "तुम्हाला?"

"नाही."

"मग परत पहिल्यापासून वाचावं लागेल."

"लागेलच," मी म्हणाले. "इलाज नाही."

दुसऱ्यांदा बाराव्या ओळीत होतो तेव्हा बाबा आले. कमरेचा पट्टा, हातात कठडा, मागे आत्या. आत्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण तिला कधी कोणी बोलवावं लागत नाही. बाबा भिंतीसमोर उभे राहिले. ओळीमागून ओळ बघत गेले. मग बोट वर केलं.

"एकोणिसावी ओळ. तो आठ आधी तीन होता."

मी फळीवरून खाली वाकून बघितलं.

"तू आठ वरून काढतेस, मधे फुली पडते. याला फुली नाही. तीनाला दार लावल्यासारखा दिसतोय."

"चूक माझी आहे," खालून तो म्हणाला. इतक्या मोठ्यानं की जिन्यानंही ते दोनदा कबूल केलं. "मी आठ वाचला होता."

बाबांनी हात पुढे केला आणि कागद घेतला. "इथे तर तीनच आहे. आणि त्याला पेन्सिलीनं गोल केलाय. कधी केलास?"

"...मघाशी."

"मघाशी म्हणजे?"

"चार वाजता."

बाबांनी मान वर केली. "आणि ही खडूची रेघ?"

"चार वाजता," मी म्हणाले.

आता आत्या पुढे आली. तिनं हातातल्या घड्याळात बघितलं. "पावणेसहा झालेत," ती म्हणाली. "मग चारपासून काय वाचत होतात तुम्ही?"

मी त्याच्याकडे बघितलं, तो माझ्याकडे. म्हणजे यालाही माहीत होतं! आणि हा पठ्ठ्या पुढच्या सगळ्या ओळी नुसता "हं, हं" करत उभा होता. मला हसू फुटत होतं आणि रडूही येत होतं, कारण पाटी तर गेलीच होती.

"बाबा, यांनी तीनच वाचला होता," मी म्हणाले. "मी खाली बघत होते. चूक माझी आहे."

बाबांनी कागदाची नीट गुंडाळी केली. "कशी सापडली?"

"बेरीज केली. सगळ्या आकड्यांची."

"कोणी सांगितलं करायला?"

"कोणीच नाही. तीनदा केली."

बाबा कठड्याला टेकले. "मी एकदा एका डॉक्टराच्या पाटीवर फोन नंबर चुकवला होता. दीड वर्ष त्याचे पेशंट एका बँडवाल्याला फोन करत होते. मला पत्ता नाही. बँडवाला भांडायला आला तेव्हा कळलं." त्यांनी गुंडाळी त्याच्या हातात परत दिली. "उद्या लोक यायच्या आत दुरुस्त कर. आणि येताना लाल रंगाचा डबा आण. दुकानातला संपलाय."

"लाल कशाला?"

"पाटी लालच आहे ना आपली?" असं म्हणून ते पाठ फिरवून खालच्या पायरीकडे निघाले. मी परांचीचा खांब घट्ट धरला. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तसेच राहू दिले.

पात्यानं आठ खरवडला, त्यावर पांढरा दिला. तो वाळायला वीस मिनिटं लागणार होती. बाबा आणि आत्या खाली बसले होते. परांची हलली म्हणून मी वळून बघितलं, तर तो वर येत होता. दोन्ही हातांनी बांबू कवटाळून, डोळे मिटून, एकेक पाऊल टाकत.

"अहो, पडाल!"

"बोलू नका. मोजतोय." तो शेवटी फळीवर माझ्याजवळ येऊन बसला आणि खाली न बघता बोलायला लागला. "तुम्ही एकोणतीस वर्षांच्या आहात. आत्या परवा तुमचा डबा घेऊन आल्या तेव्हा खाली प्राचार्यबाईंना सांगत होत्या."

"ती सगळ्यांनाच सांगते."

"मी एकतीसचा. एकोणतीस आणि एकतीस... दोन्ही मूळ. जुळ्या." त्यानं बांबूवरची पकड बदलली. "पण पुढच्या महिन्याच्या चार तारखेला मी बत्तीसचा होतो. बत्तीसला काय, कोणीही भाग देतं. त्यानंतर आपण दोघं अशा जोडीत येणार ते थेट एक्केचाळीस आणि त्रेचाळीसला. बारा वर्षांनी. मी हिशोब तपासून बघितला... मधे संधी नाही."

"मग?"

"मग... मी बारा वर्षं थांबू शकतो. पण मला आवडणार नाही." आता त्यानं डोळे उघडले. "मला तुम्ही फार आवडता. आकडे वाचून दाखवायचे नसले तरी."

माझं काळीज एवढ्या जोरात धडधडत होतं की मला वाटलं परांची त्यानंच हलतेय. "उत्तर कधीपर्यंत हवं?" मी विचारलं.

"तीन तारखेपर्यंत चालेल."

"रंग वाळला का बघा."

त्यानं बोट लावून बघितलं. बोटाला पांढरं लागलं नाही. मी ब्रश काळ्यात बुडवला, श्वास रोखला आणि दोनाला लागून आकडा काढला. वरचा वळसा, खालचा वळसा, आणि जिथे थांबायचं तिथे थांबले.

"म्हणायचं असतं ना मोठ्यानं," तो पुटपुटला.

"तीन," मी म्हणाले. "आता बघ, दोनाच्या आणि त्याच्या मधे कोणी आहे का?"

दहा दिवसांत पहिल्यांदा मी त्याला 'अरे-तुरे' केलं होतं. त्याचा चष्मा वर गेला. मग ओठही हलले. "नाही," तो म्हणाला. "कोणी नाही."

"मग झालं तर. हेच उत्तर."

त्याला खाली उतरवायला मला दहा मिनिटं लागली. खाली येऊन आम्ही पायरीवर बसलो, तर आत्या लगबगीनं उठली आणि नेहमीच्या सवयीनं आमच्या दोघांच्या मधे बसायला निघाली. आमचं अख्खं बोलणं जिन्यानं खालपर्यंत घुमवलं होतं, हे मला बाबांचा चेहरा बघून तेव्हा समजलं.

"तू इकडे ये गं," बाबा तिला म्हणाले. "तिथे मधे जागा नाही."